भीमथडीची नोंद झाली, आतां जोपासना व्हावी

कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनें सन २०२३-२४ या वर्षांत भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, ही गोष्ट आपणां सर्वांस भूषणावह आहे. मारवाडी, काठियावाडी, मणिपुरी, स्पिती इत्यादि मान्य जातींच्या पंक्तीस दख्खनचें तट्टूं बसलें. परंतु ज्याचा जन्म महसुली दप्तरांत गेला, त्या माझ्यासारख्यास एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. सातबाऱ्यावर पिकाचें नांव चढलें म्हणून घरांत धान्य येत नाहीं. नोंद हा आरंभ होय. मशागत पुढेंच करावयाची असते.

या घोड्याचा बांधा ठेंगणा, पाय बळकट, खूर कठीण आणि आहार थोडा. अरबस्तान-इराणाकडून पश्चिम किनाऱ्यावर उतरलेल्या घोड्यांचें रक्त व येथील मूळ तट्टांचें रक्त यांच्या मिश्रणांतून भीमेच्या खोऱ्यांत ही जात घडली. मराठ्यांची फौज सन १७५८ त अटकेपर्यंत पोहोंचली, तिच्या चपळाईंत अशा काटक घोड्यांचा वांटा मोठा होता. पुढें फौजा गेल्या. तट्टूं मात्र धनगरांच्या पदरीं राहिलें.

त्याचा स्वभाव पाहावयाचा तर धनगरांच्या वाड्याबरोबर चार पावलें चालावें. पाठीवर राहुटी, भांडींकुंडीं, कोंबड्या, नुकतींच जन्मलेलीं कोकरें, प्रसंगीं तान्हें मूलही असतें. भोंवतीं कुत्रीं भुंकत असतात. तरी एखादी बाई दोरी धरून पुढें चालली कीं घोडी निमूट मागें येते. हें घोडें धनगराचें, आपणां शेतकऱ्यांस त्याचें काय, असें कोणी म्हणेल. पण मेंढ्या आपल्या रानांत बसवून आपण खत मिळवितों, तो वाडा या घोड्याच्याच पाठीवर येतो, हें विसरूं नये.

आतां भीति आहे ती उंचीच्या मोहाची. सारंगखेड्यास किंवा माळेगांवच्या यात्रेंत उंच, तकतकीत आणि नाचऱ्या घोड्यास भाव येतो. म्हणून भीमथडी घोडीस बाहेरचा उंच घोडा दाखविण्याचा मोह होतो. शिंगरूं उंच निपजतें, दामही अधिक येतो. पण त्याची भूक वाढते आणि काटकपणा उणावतो. असें चार पिढ्या चाललें तर जात दप्तरांत राहील, माळावर राहणार नाहीं. तरीही चार पैशांसाठीं धनगरानें असें केलें तर त्यास कोणत्या तोंडानें दोष द्यावा? उपाय त्यालाही परवडणारा हवा. आपल्या मंडळानें यात्रेंत उंचीस नव्हे, तर ओझें, चाल, खूर आणि स्वभाव पाहून बक्षीस द्यावें. निवडक भीमथडी नर राखणाऱ्यास वर्गणींतून चाऱ्याचें साहाय्य करावें. आणि घोडी-शिंगरांची वंशावळ लिहून ठेवावी.

काटक म्हणजे निरोगी, हाही भ्रम आहे. घोड्यास धनुर्वाताची फार बाधा होते. खिळा किंवा कांटा रुतल्याचें निमित्त पुरतें, म्हणून लस आधींच टोंचवावी. सर्रा हा रोग चावऱ्या माशांमुळें पसरतो. ताप उलटून येणें, जनावर रोडावणें व पायांस सूज येणें हीं त्याचीं लक्षणें असून रक्त तपासल्यावांचून खात्री होत नाहीं. ग्लँडर्स तर माणसांसही जडतो. त्याचा संशय येतांच जनावर वेगळें बांधून पशुवैद्यास कळवावें. ओझ्यानें पाठीस पडणाऱ्या जखमा वेळींच पाहाव्या. फिरता वाडा पशुवैद्यास सांपडत नाहीं, ही खरी अडचण आहे. ती आपणच दूर करूं शकतों. वाडा आपल्या रानांत बसला कीं त्याच दिवशीं दवाखान्यांत निरोप धाडावा. यास खर्च नाहीं, केवळ आस्था हवी.

सरकारानें आपलें काम केलें. रकाना भरला आहे. तो खोटा ठरूं न देणें आतां आपल्या हातीं आहे.