बैठकांची शिक्षा

व्यायामानें शरीर बळकट होतें, हें निर्विवाद आहे. परंतु सवय नसतां पैजेपायीं वा शिक्षा म्हणून एकदम शेंकडों बैठका काढणें घातक होय. अशानें स्नायूंचे तंतू फुटतात, त्यांतील मायोग्लोबिन नामक तांबडें द्रव्य रक्तांत उतरतें आणि मूत्रपिंडें निकामी होऊं शकतात. लंडनवरील बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखालीं चिरडलेल्या लोकांची हीच दशा डॉ. बायवॉटर्स व डॉ. बील यांनीं १९४१ सालीं वर्णिली. उष्माघात, विजेचा धक्का व कांहीं औषधें हींही याचीं कारणें होत. लघवी कोऱ्या चहासारखी काळसर दिसल्यास तत्काळ डॉक्टरांकडे जावें. विद्यार्थिमित्रहो, व्यायाम क्रमाक्रमानें वाढवा. आणि वडीलधाऱ्यांनीं व गुरुजनांनीं बैठकांची शिक्षा कायमची बंद करावी. जें शरीर घडविण्यासाठीं आहे, तें दंडासाठीं वापरूं नये.