माहुलचे घर विकता, मग हवाही सांगा

मुंबईतील माहुलची घरे आपल्या कर्मचाऱ्यांना विकताना महापालिकेने तिथल्या हवेच्या अहवालांचे मराठी सार प्रत्येक अर्जदाराच्या हाती दिलेच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

अहवालांना तोटा नाही. केईएम रुग्णालयाच्या 2013 च्या पाहणीत 67.1 टक्के रहिवाशांनी महिन्यातून तीनपेक्षा अधिक वेळा धाप लागत असल्याचे सांगितले होते. 2019 मध्ये उच्च न्यायालयाने कुणाही प्रकल्पग्रस्ताला सक्तीने माहुलला धाडू नका, असे बजावले. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय हरित लवादाने इथली हवा दूषित केल्याबद्दल चार कंपन्यांवर सुमारे 286 कोटी रुपयांची भरपाई लादली. पण हे सारे जाडजूड इंग्रजी कागदांत. सफाई कामगाराला हवेतल्या टोल्युईनसारख्या रसायनांच्या तक्त्याशी काय देणेघेणे? त्याचा प्रश्न साधा: पोराला दमा आहे, तिथे राहायला जाऊ की नको? उत्तर कळले नाही, तर सव्वादोनशे चौरस फुटांचा सौदा तो 12 लाख 60 हजार रुपये या किमतीकडे पाहूनच करणार. स्वस्त म्हणून कर्ज काढणार आणि हप्त्यांबरोबर दवाखान्याची बिलेही भरणार.

तेव्हा ताज्या मोजणीसह दोन पानी सार अर्जाला जोडा, इमारतीच्या दारातही लावा. तोवर विक्री थांबवा.