रात्रीचा जाब मोठ्यांना विचारा

मध्यरात्रीनंतर नाक्यावर कोवळी पोरे दिसली की 'यांच्यावर संचारबंदी लावा' असा सूर निघतो. त्यामागे काळजी आहे, पण उपाय चुकीचा आहे. अमेरिकेतील डॅलस शहराने १९९१ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांना रात्री फिरण्यास बंदी केली. ती मोडू देणारे पालक आणि मुलांना थारा देणारे दुकानदारही दोषी ठरवले. अशा नियमांवरील अभ्यासांचा २०१६ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला. संचारबंदीने गुन्हे घटल्याचे त्यात दिसले नाही. २०२३ मध्ये टेक्सास राज्याने आपल्या शहरांची अशी बंदी घालण्याची मुभाच काढून घेतली.

भिवंडीला तर हे मुळीच मानवणार नाही. इथे रात्र म्हणजे पाळी. यंत्रमाग रात्रभर खडखडतात, गोदामांत गाड्या भरल्या जातात. एका खोलीत आठ-दहा माणसे, त्यात एक पाळी झोपली की दुसरीने बाहेर थांबायचे. अशा घरातला मुलगा नाक्यावर बसतो, कारण घरात त्याला जागा नसते. संचारबंदीत पहिला सापडेल तो हाच मुलगा, किंवा मागाच्या कांड्या भरून, भिसीतली (कामगारांच्या खाणावळीतली) भांडी घासून उशिरा परतणारा.

वास्तविक रात्रीची वेळमर्यादा आपल्या कायद्यात आहेच. फक्त ती मुलावर नाही, त्याला राबवणाऱ्यावर आहे. बालकामगार प्रतिबंधक कायद्यानुसार १४ ते १८ वयाच्या मुलाला, काम धोकादायक नसले तरी, संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळेत कामावर ठेवता येत नाही. १४ वर्षांखालील मुलाला कामाला लावणाऱ्या मालकाला सहा महिने ते दोन वर्षे कैद किंवा २० ते ५० हजार रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकते. आईबापांना मात्र पहिल्या वेळी शिक्षा नाही. पुन्हा तोच गुन्हा घडला तर दहा हजारांपर्यंत दंड आहे. गरिबी आणि नफा यांना कायद्याने एका तराजूत तोललेले नाही, हे योग्यच झाले. पण जिथे हौस आहे, तिथे पालकांनाही सूट नाही. अल्पवयीनाच्या हाती गाडी देऊन गुन्हा घडला, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड आहे.

जबाबदारी ठरलेली आहे, वसुली होत नाही. कारखाने, हॉटेले, गोदामे यांची तपासणी दिवसा करून रात्रीचे उल्लंघन कसे सापडणार? कामगार विभागाने रात्रपाळीतच दारे ठोठावली पाहिजेत. प्रत्येक पोलीस ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी असावा, असे बाल न्याय कायदा सांगतो. रात्री एकटे, निराधार सापडलेले मूल चोवीस तासांत बालकल्याण समितीपुढे गेले पाहिजे. त्याला कोठडी दाखवू नये. आणि ज्यांना घरात जागा नाही, त्यांच्यासाठी महापालिकेने आपल्या शाळांचे वर्ग रात्री अभ्यासासाठी उघडावेत.

संचारबंदी काय असते, हे या शहराला १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी शिकवले आहे. पुढे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली, ती शेजाऱ्यांनी एकमेकांची जबाबदारी घेतल्यामुळे. गल्लीतले कोणते मूल रात्री कुठे राबते, हे त्या गल्लीला ठाऊक असते. मोहल्ल्याने ते आता पोलिसांना सांगावे, आणि पोलिसांनी मुलाला न धरता मालकाचे दार गाठावे.