तिकीट लावून शिकवणी

पियानोच्या विश्वात 'मास्टर क्लास' हा शब्द अलीकडे फारच स्वस्त झाला आहे. कोणी नामांकित वादक शहरात येतो, सभागृहात दोन पियानो मांडले जातात, प्रवेशिका विकल्या जातात आणि चार-पाच होतकरू विद्यार्थी एकामागून एक व्यासपीठावर येऊन अर्ध्या-पाऊण तासात 'घडविले' जातात. श्रोते माना डोलावतात, टाळ्या पडतात. ह्या प्रकाराला अध्यापन म्हणण्यास आमची तयारी नाही.

ज्यांच्या नावाने ही प्रथा मिरविली जाते त्या फ्रान्झ लिस्ट यांच्याकडेच पाहावे. १८६९ पासून १८८६ साली मृत्यू येईपर्यंत दरवर्षी काही महिने ते वायमार येथे राहत. दरबारी माळ्याचे घर हे त्यांचे बिऱ्हाड. आठवड्यातून तीन दुपारी तेथे शिष्य जमत आणि आपापल्या स्वरलिपीच्या प्रती पियानोवर ठेवून देत. लिस्ट त्यांतली एक उचलीत आणि ही कोण वाजविणार, असे विचारीत. ज्याची प्रत तो वाजवी, बाकीचे भोवती राहून ऐकत. मनात आले तर गुरुजी स्वतः चार ओळी वाजवून दाखवीत. पाहुणे येत नसत असे नाही. पण ते पाहुणे होते, गिऱ्हाईक नव्हते. आणि शुल्क? एक पैही नाही. व्हिएन्नात बाल लिस्टला शिकविणाऱ्या कार्ल चेर्नी यांनी पहिल्या काही धड्यांनंतर त्याच्या वडिलांकडून मोबदला घेण्याचे नाकारले होते. ते ऋण शिष्याने पुढच्या पिढीकडे फेडले, असे आम्ही मानतो. १८६५ साली लिस्ट यांनी रोममध्ये धर्मसेवेच्या कनिष्ठ पदांची दीक्षा घेतली (धर्मगुरू ते कधीच झाले नाहीत), याचे आपल्या लोकांना मोठे कौतुक. आम्हांस त्यांच्या काळ्या झग्याहून ही विनामूल्य शिकवणी थोर वाटते.

तेथे सारे आलबेल होते असे मात्र नव्हे. लिस्ट भिडस्त, त्यामुळे सुमार वादकांचीही तेथे गर्दी होई. एकदा त्यांच्या आजारपणात हान्स फॉन ब्यूलो यांनी वर्ग घेतला आणि अशांना सरळ दार दाखविले. लिस्ट यांनी मागाहून त्यांना पुन्हा आत घेतले! पण मुख्य गोष्ट निराळीच आहे. बोटांची तालीम लिस्ट देत नसत. ती अन्यत्र पुरी करून यावे, अशी त्यांची अपेक्षा असे. सिलोटी, डाल्बेर, साउअर हे तेथून नावारूपास आले, ते तयार हात घेऊन आले होते, आणि आल्यावर महिनोन् महिने टिकून राहिले होते. वायमारच्या वैभवाखाली कितीतरी रोजच्या शिक्षकांचे कष्ट गाडलेले आहेत.

आजचा प्रकार नेमका उलटा. २००५ साली शिकागो येथे डॅनियल बारेनबॉइम यांनी बेथोवेनच्या सोनाटांवर घेतलेले वर्ग चित्रित झाले. त्यांत विद्यार्थी म्हणून बसला होता लांग लांग, जो २००३ सालीच कार्नेगी हॉलमध्ये स्वतंत्र मैफल करून चुकला होता! बारेनबॉइम यांचे विवेचन मोलाचे आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ज्याला शिकवणीची निकड आहे त्याच्यावर कॅमेरा रोखला जात नाही, आणि रोखला तर त्याची फजितीच होते.

श्रोत्यांनाही त्यातून शिक्षण मिळते, असा युक्तिवाद होतो. मिळत असेल. मग सप्रयोग व्याख्यान ठेवावे. त्यासाठी सोळा वर्षांच्या पोराच्या चुका चारचौघांत उलगडण्याचे कारण काय? समोर पैसे देऊन बसलेली माणसे असली की भल्या गुरूचीही नजर विद्यार्थ्याच्या मनगटावरून उडते आणि प्रेक्षकांकडे जाते. एखादी कोटी केली की हशा पिकतो. पोरगे घामाघूम होऊन हसण्याचा प्रयत्न करते.

मुंबई-गोव्याकडील आपल्या घरांत पियानो आहे, लंडनच्या मंडळांच्या परीक्षांची प्रमाणपत्रे भिंतीवर आहेत, म्हणून हे लिहावे लागते. बाहेरचा पाहुणा वादक येणार म्हटले की पालक हरखून जातात. दर आठवड्याला तेच सप्तक, तीच अंगुलिक्रमाची दुरुस्ती करणारी वयस्क टीचर मागच्या रांगेत बसते. तिचे नाव पत्रिकेत नसते. पाहुणा दुसऱ्या दिवशी विमानात, आणि त्याने अर्धवट सांगितलेले निस्तरावयाचे ते हिने!

सभागृहाचे भाडे कसे काढावे, ही आयोजकांची अडचण खरी आहे. त्यासाठी पाहुण्याने संध्याकाळी स्वतः वाजवावे, त्याला तिकीट लावावे. आम्हीही रांगेत उभे राहू. सकाळची शिकवणी मात्र दारे लावून व्हावी, तिसऱ्या दिवशी त्याच विद्यार्थ्याला पुन्हा ऐकावे, आणि त्याच्या टीचरची खुर्ची पियानोच्या शेजारी मांडावी.