कुलरचा शॉक: दोष नशिबाचा नव्हे, बोर्डाचा

मार्च सरत आला की अमरावती-अकोल्यात माळ्यावरचे कुलर खाली उतरतात. ताट्या बदलल्या जातात, पंप साफ होतो. आणि दर उन्हाळ्यात कुलरचा शॉक लागून कुणी गेल्याची बातमीही येते. ‘दुर्दैवी’ हा शब्द तिच्यात ठरलेलाच. फार सोयीचा शब्द आहे तो; कुणाला काही तपासावे लागत नाही.

पत्र्याचा कुलर म्हणजे पाणी, लोखंड आणि २३० व्होल्ट एकाच पेटीत. पंपाच्या वायरचे आवरण फाटले की सगळा पत्रा ‘जिवंत’ होतो. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात तर बोअरचे पाणीच खारे. ते वीज अधिक सहज वाहून नेते आणि पत्राही लवकर खाते.

अशा वेळी अर्थिंग वाचवेल, हा भरवसा. पण अर्थिंगच्या खड्ड्याला ओल लागते, आणि कुलर लागतो तेव्हाच वऱ्हाडातली काळी माती कोरडी पडून भेगाळलेली असते. समजा, जमिनीत जाणाऱ्या वाटेचा रोध २० ओहम झाला. मग गळणारी वीज साडेअकरा अँपिअर. बोर्डातला १६ अँपिअरचा एमसीबी तेवढ्याने पडत नाही. तो वायर जळू नये म्हणून बसवलेला असतो, माणूस मरू नये म्हणून नव्हे. ओल्या अंगाने, अनवाणी कुलरला हात लावणाऱ्याच्या शरीरातून ०.२ अँपिअर गेले तरी हृदय थांबू शकते. (कित्येक घरांत तर तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन ‘बसत नाही’ म्हणून कापलेली असते. तिथे हा हिशेबही नको.)

‘बटण बंद करून पाणी भरा’ हा सल्ला बरोबर, पण अपुरा. वायरिंगमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे जोडले असतील तर बटण बंद करूनही आतली वायर जिवंतच राहते. प्लगच काढायला हवा. आणि चार वर्षांच्या पोराने खेळता खेळता पत्र्याला हात लावला, तर त्याला कोणता सल्ला द्यायचा?

इथे काम येतो तो आरसीसीबी. गेलेली वीज आणि परतलेली वीज यांत ३० मिलिअँपिअरचा, म्हणजे ०.०३ अँपिअरचा फरक पडला की तो निमिषात पुरवठा तोडतो. किंमत कुलरपेक्षा कमी. त्यावरचे ‘टेस्ट’ बटण अधूनमधून दाबून पाहावे लागते, इतकेच. अर्थिंगचा खड्डा मात्र तरीही ओला ठेवायचाच.

मीटरच्या पुढचे वायरिंग महावितरणचे नसते, घरमालकाचे असते. अमरावतीत शिकायला आलेली पोरे भाड्याच्या खोलीत जुना कुलर विकत आणून लावतात. बोर्ड मालकाचा, कुलर भाडेकरूचा. भाडेकरारात भिंतीला खिळा ठोकू नये, हे आठवणीने लिहिलेले असते. आरसीसीबीची ओळ कुणी मागत नाही, कुणी देत नाही.