गालिचा झिजतो तो मुळापासून

नवरात्र संपलं की आमच्या सोसायटीत कचऱ्याच्या डब्यांशेजारी गुंडाळलेले गालिचे येऊन उभे राहतात. दिवाळीची साफसफाई निघालेली असते. पावसाळाभर जमिनीला चिकटून राहिलेल्या गालिच्याला कुबट वास सुटलेला असतो, मधला पट्टा काळवंडलेला असतो आणि ‘आता ह्यात काही राम राहिला नाही’ असा निकाल घरात लागतो. त्यातले कित्येक गालिचे घरातल्या फ्रीजपेक्षाही वयानं लहान असतात. मला त्यांच्याकडे बघवत नाही. गालिचा म्हातारपणानं गेला असं क्वचितच घडतं. बहुतेक वेळा आत साठलेल्या मातीनं तो कापला जातो, आणि ती माती काढणं पूर्णपणे आपल्या हातात असतं.

आपण डागाला घाबरतो, कारण डाग दिसतो. पण चहाचा डाग लवेच्या वरच्या टोकांना लागलेला असतो. दिसायला वाईट असला तरी धाग्याचं तो फारसं बिघडवत नाही. चपलांबरोबर आणि खिडकीतून येणारे वाळूचे बारीक कण मात्र लवेतून सरकत थेट मुळाशी जातात, जिथे धागा पायाच्या विणीत अडकवलेला असतो. वाळू म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झ, काचेवर ओरखडा काढण्याइतकं कठीण. पाऊल पडलं की लव वाकते आणि त्या कणांच्या धारेवर घासते, पाऊल उचललं की पुन्हा उभी राहते. दिवसभर हेच चालू असतं. धागा मुळाशी कातरला जातो आणि लव झाडूत येऊ लागते, तेव्हा आपण म्हणतो, ‘गालिचा जुना झाला.’ गल्लोगल्ली बांधकामं चालू असलेल्या आपल्या शहरांत तर हवेतच दगडाची कच आणि सिमेंट असतं.

दारापासून सोफ्यापर्यंत जो करडा पट्टा पडतो, त्याचंही कारण हेच. तो मळ समजून लोक गालिचा धुवायला देतात आणि परत आल्यावरही पट्टा तसाच पाहून धुणाऱ्याशी भांडतात. धाग्याच्या गुळगुळीत अंगावर ओरखडे पडले की त्यावर प्रकाश विखुरतो आणि रंग मळकट भासतो. नायलॉन आणि पॉलिएस्टरमध्ये हे विशेष दिसतं. ओरखडे कुठल्याही साबणानं निघत नाहीत. म्हणून गालिचा मळका दिसायच्या आधी साफ करायचा असतो.

आमच्या घरी वडिलांनी श्रीनगरहून आणलेला लोकरीचा गालिचा आहे. त्याची झालर दुरुस्त करायला आलेल्या एका काश्मिरी रफूगरानं आम्हाला एक साधी रीत दाखवली. गालिचा फरशीवर पालथा घालायचा आणि पाठीवरून व्हॅक्यूम क्लीनर फिरवायचा, नाहीतर हातानं हलकं थोपटायचं. मग तो अलगद उचलून खाली बघायचं. वरून रोज झाडलेल्या त्या गालिच्याखाली मूठभर रेती सांडलेली होती. ती झाडून घ्यायची आणि पुन्हा तेच, रेती पडायची थांबेपर्यंत. त्या दिवसापासून ‘आमचा गालिचा स्वच्छ आहे’ हे वाक्य मी ऐकते, पण पाठ बघितल्याशिवाय मान्य करत नाही.

रोजच्या वापरातल्या खोलीत आठवड्यातून दोनदा तरी व्हॅक्यूम हवा, तोही सावकाश आणि उलटसुलट दोन्ही दिशांनी, कारण मुळाशी गेलेला कण घाईच्या एका हातात वर येत नाही. झालरीवरून मात्र फिरता ब्रश कधीही नेऊ नये. आज हे यंत्र कपाटात मावतं. १९०१ साली लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ यांनी त्याचं पेटंट घेतलं, तेव्हा ते घोडागाडीवर लादून रस्त्यात उभं करावं लागे आणि लांबलचक नळ्या खिडक्यांतून घरात सोडाव्या लागत. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे त्या यंत्रानं साफ केले गेले. त्याआधी गालिचा कठड्यावर टाकून काठीनं बडवणं हा जगभरचा नेहमीचा उपाय होता. हातानं गाठी मारलेला गालिचा हलका मार सोसतो, पण हल्ली आपल्या घरांत येणारे सगळेच गालिचे तो सोसतील असं नाही.

कारण गालिच्याचं आयुष्य घरी येण्याआधीच बरंचसं ठरून गेलेलं असतं, आणि ते त्याच्या पाठीवर वाचता येतं. दुकानदार नक्षी दाखवत असतो. तुम्ही कोपरा उलटून पाहा. पुढची नक्षी मागेही तशीच स्पष्ट दिसत असेल आणि ओळीनं बारीक गाठी जाणवत असतील, तर तो गाठींचा गालिचा. भदोही-मिर्झापूर पट्ट्यात आणि काश्मीरमध्ये असे गालिचे विणले जातात. त्याची प्रत्येक गाठ ताण्याच्या धाग्यांना बांधलेली असते, गोंद कुठेही नसतो. लोकर चांगली असेल आणि निगा राखली, तर तो दोन पिढ्या सहज वापरता येतो. पाठीवर कापड चिकटवलेलं दिसलं तर तो टफ्टेड. त्यात बंदुकीसारख्या हत्यारानं धागे कापडात नुसते टोचलेले असतात आणि ते जागेवर राहतात ते केवळ लेटेक्सच्या थरामुळे. हा थर काही वर्षांत कोरडा पडतो, तडकतो, त्याची पूड होते. गालिचा उचलल्यावर फरशीवर पांढरट भुकटी दिसली, तर तो शेवटाला आलाय असं समजावं. त्याची दुरुस्ती सहसा परवडत नाही. अशा गालिच्याला काठीनं बडवलं तर शेवट आणखी लवकर येतो.

इथे मला प्रदर्शनांतल्या विक्रेत्यांबद्दल तक्रार आहे. टफ्टेड गालिचाही ‘हातानं बनवलेला’ म्हणून विकतात. ते शब्दशः खोटं नाही, हत्यार माणसाच्याच हातात असतं. पण गिऱ्हाईक ऐकतं ते गाठींच्या गालिच्याचं नाव, आणि घरी नेतं तो गोंदावर टिकलेला. किमतीत फरक असतो तसा आयुष्यातही असतो, आणि तो विकतानाच सांगायला हवा.

तिसरा प्रकार यंत्रावर विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनचा, मॉलमध्ये आणि ऑनलाइन मिळतो तो. पाणी तो पीत नाही, डाग पटकन सोडतो, स्वस्त असतो. भाड्याच्या घरात, लहान मुलांच्या खोलीत मी तोच घ्या म्हणेन. पण हा धागा एकदा चेपला की पुन्हा नीट उठत नाही, आणि तेलकटपणा धरून ठेवतो. वर्दळीच्या जागी चार-पाच वर्षांत तो बसतो. लोकरीचा धागा मुळातच कुरळा, म्हणून दाबला तरी उसळून वर येतो. नायलॉन या दोन्हींच्या मधला, दहा-बारा वर्षं चालणारा.

अमेरिकेत भिंतीपासून भिंतीपर्यंत ठोकलेला गालिचा असतो, न उचलता येणारा. तिथल्या आयकर खात्याच्या हिशेबात भाड्यानं दिलेल्या घरातल्या गालिच्याची किंमत ५ वर्षांत वजा करता येते. चपला दाराबाहेर काढायची सवय तिथल्या मराठी घरांनी टिकवली आहे आणि त्या गालिच्यांसाठी ह्याहून मोठी सेवा नाही. फक्त अनवाणी पाय हा त्यावर उपाय समजू नये, कारण पायांचं तेल लवेला लागतं आणि त्याला धूळ चिकटते. धुतलेले मोजे सगळ्यांत बरे.

आपल्याकडचा मोठा प्रश्न पावसाळ्याचा. लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास ओलावा हवेतून ओढून घेऊ शकते आणि तरी हाताला ओली लागत नाही. म्हणून कोकणात किंवा मुंबईत गालिचा ‘कोरडाच तर आहे’ असं म्हणता म्हणता पाठीच्या सुती विणीत बुरशी धरते. बुरशीनं सूत कुजलं की वरची लव कितीही सुंदर असली तरी गालिचा दुमडताच कटकन तुटतो. जूनच्या सुरुवातीला तो उचलून ठेवणं सर्वांत चांगलं. घडी कधीच घालू नये, घडीवर वीण मोडते. लवेच्या दिशेनं पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळावा, जुनी सुती चादर लपेटावी आणि भिंतीपासून थोडा दूर, जमिनीपासून वर ठेवावा. प्लॅस्टिकमध्ये बांधला तर आतली ओल आतच कोंडते.

ठेवण्याआधी तो पूर्ण स्वच्छ हवा, नाहीतर कसर लागते. कसरीचा पतंग स्वतः काही खात नाही, खातात त्याच्या अळ्या. घाम आणि अन्नकण लागलेली लोकर त्यांना विशेष आवडते. सोफ्याखालचा अंधारा, वर्षभर न हललेला भाग हे त्यांचं घर. नुसत्या डांबरगोळ्या टाकून भागत नाही. महिन्यातून एकदा सोफा सरकवून तिथे व्हॅक्यूम करणं, गालिचा हलवणं, उजेड दाखवणं, ह्यानं त्यांची पैदास मोडते. ऊन द्यावं, पण तासा-दोन तासांचं, पाठीला जास्त आणि पोटाला कमी. उजेडानं रंग विटतो. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात १५३९-४० मध्ये विणलेला अर्दबीलचा गालिचा आहे. त्याचे रंग जपायला त्याच्यावरचे दिवे दर अर्ध्या तासाला फक्त दहा मिनिटं लावतात. आपण मात्र पश्चिमेच्या खिडकीखाली गालिचा वर्षानुवर्षं ठेवतो. निदान सहा महिन्यांनी तो फिरवून दिशा बदलावी. ऊनही वाटलं जातं आणि पायवाटही.

काही सांडलं तर चोळू नये. सुती पांढरं फडकं दाबून धरावं, कडेकडून मध्याकडे यावं. मग थंड पाणी, पुन्हा दाबणं. कपड्यांच्या पावडरीत प्रथिनांचे डाग विरघळवणारी एन्झाइम्स असतात आणि लोकर हेच एक प्रथिन आहे, त्यामुळे ती पावडर डागाबरोबर धागाही खाते. ब्लीच तर लोकर अक्षरशः विरघळवतं. हळदीचा डाग मात्र आपल्या घरांत पडणारच. त्याचं घासून काही होत नाही. स्वच्छ करून तेवढा भाग काही दिवस उजेडात राहू द्या, हळदीचा पिवळा रंग उजेडानं आपोआप उडतो. ओल दोन्ही बाजूंनी पूर्ण सुकेपर्यंत गालिचा जमिनीवर अंथरू नये, पंख्याखाली खुर्च्यांवर टाकावा.

आणि कडा. गाठींच्या गालिच्याची झालर म्हणजे शोभेची जोड नसते, ती ताण्याचीच टोकं असतात. झालर झिजून संपली की शेवटच्या ओळीतल्या गाठी सुटू लागतात, मग त्यामागची ओळ. बोटभर गेली असेल तेव्हा रफूगर ती एका दुपारी बांधून देतो. वीतभर गेल्यावर नवीन ताणा भरून गाठी पुन्हा माराव्या लागतात आणि खर्च कितीतरी पट होतो. अर्दबीलचा तो गालिचाही दुरुस्तीमुळेच आज अखंड दिसतो. त्याला एक जुळा भाऊ होता, त्याच्यातले तुकडे काढून एकोणिसाव्या शतकात ह्याची खिंडारं बुजवली गेली, आणि तो उरलेला जुळा आज लॉस एंजेलिसच्या संग्रहालयात आहे. आपल्या घरी एवढ्या थराला जायची पाळी येऊ नये. दिवाळीच्या साफसफाईसाठी गालिचा उचललाच आहे, तर चारही कडा हातानं चाचपून बघा, आणि एक धागा जरी सैल लागला तरी दिवाळीनंतर रफूगराला बोलवा.