देव एक कीं अनेक?

कल्याणनजीकच्या विठ्ठलवाडीच्या नांवांतच विठ्ठल आहे. तेथील एखाद्या घरीं पंचायतन पुजलें जात असतां शिकलेला मुलगा विचारतो, ‘देव एक, तर हे पांच कशाला?’ वडिलांस तें पाखंड वाटतें. आमच्या मतें दोघांनींही घाई करूं नये. शिव, विष्णु, देवी, सूर्य, गणपति हे पांचही सर्वत्र. पण शैवाच्या घरीं मध्यें शिव, वैष्णवाच्या घरीं विष्णु. अनेकांत एक पाहण्याचीच ही रीत होय. उलट, १८६७ सालीं मुंबईस निघालेल्या प्रार्थनासमाजानें मूर्तिपूजा वर्ज्य केली, तरी उपासनेस तुकोबांचे अभंग घेतले. आणि तुकोबांचें सर्वस्व तर पंढरीचा विठोबा!

तेव्हां संख्येचा वाद गौण होय. खरी कसोटी देवळाच्या दारांत लागते. त्याच विठोबाचें मंदिर अस्पृश्य मानलेल्यांस खुलें व्हावें म्हणून साने गुरुजींस १९४७ च्या मे महिन्यांत उपोषण करावें लागलें. देव एक माना वा पांच पुजा. ज्या दारांतून माणूस परत जातो, तेथील उपासना अपुरीच. मुलानें पूजा हिणवूं नये. वडिलांनीं प्रश्न दडपूं नये.